उशी विकत घ्यायच्या आधी मानेचं माप घ्या

सकाळी उठल्यावर मान धरलेली असते, अंघोळ-चहा होईपर्यंत जरा मोकळी होते आणि दुसऱ्या दिवशी परत तेच, असं ज्यांचं चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. अशा वेळी घरातून दोन सल्ले हमखास मिळतात, एक म्हणजे "उशीच घेऊ नकोस, सपाट झोप" आणि दुसरा म्हणजे "ती सर्व्हायकलची उशी मागव ना ऑनलाइन". दोन्ही सल्ले कुणाला ना कुणाला लागू पडतात आणि कुणाला त्रासही देतात, कारण कुणाला किती उंच उशी लागणार हे त्या माणसाचा खांदा केवढा, पाठीला पोक आहे का, झोपायची सवय काय आणि खाली गादी कसली यावर ठरतं. चप्पल घेताना आपण पायाचा नंबर सांगतो पण उशा मात्र जोडीने आणतो, सहा फुटी नवऱ्याला आणि पाच फुटी बायकोला एकसारख्या, आणि मग एकाची मान दुखते तेव्हा म्हणतो उशी चांगली नव्हती.

आधी उशीचं काम काय ते नीट बघू, म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. मानेत सात मणके असतात आणि ते सरळ रेषेत नसतात, त्यांना पुढच्या बाजूला हलका बाक असतो. वर डोकं, मोठ्या माणसाचं साधारण साडेचार-पाच किलोचं. दिवसभर हे वजन मानेचे आणि खांद्याचे स्नायू तोलून धरतात, रात्री ते काम उशीने करायचं आणि स्नायूंनी सैल पडायचं. म्हणजे झोपल्यावर डोकं, मान आणि गादी यांच्यामध्ये जी पोकळी राहते ती भरून काढणं, बस, एवढंच उशीचं काम.

पाठीवर झोपणाऱ्याची उशी उंच असेल तर हनुवटी छातीकडे जाते, मानेच्या मागचे स्नायू ताणलेले राहतात, दिवसभर मोबाईलवर वाकलेली मान रात्रीही वाकलेलीच राहते, आणि घसा दाबला जाऊन काही जणांचं घोरणंही वाढतं. कुशीवर झोपणाऱ्याचं वेगळं, त्याची उशी बुटकी असेल तर डोकं गादीकडे कलतं, वरच्या बाजूची मान ताणली जाते आणि खालचा खांदा चेपून हाताला मुंग्या येतात, मग झोपेतच आपण उशीखाली हात घालतो. रोज उशीखाली हात घालून झोपत असाल किंवा उशी दुमडून घेत असाल तर बहुतेक वेळा तुमची उशी तुम्हाला कमी पडतेय.

आता माप. पहिलं म्हणजे आपण झोपतो कसे हे माहीत पाहिजे, आणि आडवं होताना कसे असतो त्यापेक्षा जाग येते तेव्हा कसे असतो ते जास्त खरं. शेजारी झोपणाऱ्याला विचारा, किंवा काही दिवस सकाळी डोळे उघडल्या उघडल्या लक्षात घ्या. बहुतेक लोक रात्रभर कूस बदलत असतात पण एक आवडती बाजू असतेच.

कुशीवर झोपणाऱ्यांनी भिंतीला दंड टेकवून उभं राहायचं, नेहमी उभे राहतो तसंच, खांदा वर न चढवता आणि डोकं न कलवता, समोर बघत. घरातल्या कुणाला तरी पट्टी घेऊन कानाच्या जरा वर डोक्याची बाजू आणि भिंत यांच्यातलं अंतर मोजायला सांगा. मोठ्या माणसांचं हे साधारण चार ते सहा इंच येतं, रुंद खांद्याच्या माणसाचं त्याच्याही पुढे. जमिनीवर अंथरूण टाकून किंवा कडक कापसाच्या गादीवर झोपत असाल तर जवळपास तेवढी उंची लागेल. फोमच्या मऊ गादीवर खांदा आत रुततो, तिथे इंच-दीड इंच कमी धरा. आणि हे नीट लक्षात घ्या की ही उंची डोकं ठेवल्यावर उरणारी उंची आहे. दुकानात सात इंच फुगलेली फायबरची उशी डोक्याखाली तीन इंच उरते, म्हणून पाकिटावरचा आकडा बघून काहीच कळत नाही.

पाठीवर झोपणाऱ्यांनी भिंतीला पाठ आणि टाचा टेकवून उभं राहायचं, नजर समोर. डोक्याची मागची बाजू जोर न लावता भिंतीला लागत असेल किंवा अगदी थोडी पोकळी राहत असेल तर बुटकी उशी पुरते, दबल्यावर दोन-तीन इंच, फार तर चार. डोकं भिंतीपासून लांब राहत असेल तर तेवढं अंतर उशीने भरावं लागणार.

आणि इथेच मला आईचं सांगायचंय. आईला पाठीत पोक आलाय, वयाने येतो तसा, आणि कुणीतरी तिला ठामपणे सांगितलं की मानेच्या दुखण्यावर उशी काढून टाकणं हाच उपाय. ती रोज उशीशिवाय झोपायची आणि सकाळी मानेला हात लावू द्यायची नाही. तिला भिंतीला उभं केलं तर पाठ टेकली, टाचा टेकल्या, आणि डोकं भिंतीपासून चांगलं वीतभर नाही तरी चार बोटांच्या वर पुढेच होतं. म्हणजे ती उशीशिवाय आडवी झाली की डोकं मागे लोंबायचं, हनुवटी छताकडे, गळा ताणलेला. मग आम्ही उशी बाजूला ठेवली आणि सोलापुरी चादरी काढल्या. चादर घडी घालून तिच्या डोक्याखाली ठेवली, बाजूला गुडघ्यावर बसून बघितलं, कपाळ आणि हनुवटी एका पातळीत येतात का. नाही आली. आणखी एक घडी. मग आणखी एक, आणि तेव्हा तीच म्हणाली, "आता कसं, घास नीट उतरतोय." गिळताना घसा मोकळा वाटणं ही खूण फिजिओने नंतर आम्हाला सांगितली, आईने ती आधीच सांगून टाकली होती. तर ज्यांना पोक आहे अशा आजी-आजोबांची उशी कृपा करून काढून घेऊ नका, त्यांना उंच उशीच लागते, दोन उशा घेऊन झोपतात ते लाड म्हणून नव्हे.

हा चादरींचा प्रयोग कुणीही करावा, तरुण माणसानेही, कारण यात एक पैसा जात नाही आणि अर्ध्या-अर्ध्या इंचाने उंची कमी-जास्त करता येते. चादर, टॉवेल, पातळ गोधडी, काहीही चालेल, फक्त घडी सपाट हवी आणि स्वतःच्याच गादीवर करायचं, दिवाणावर नाही. तुमच्या नेहमीच्या कुशीवर झोपा, चादरीची घडी डोक्यापासून मानेपर्यंत यायला हवी पण खांदा तिच्यावर नको, आणि पाठीमागून कुणाला तरी मोबाईलवर फोटो काढायला सांगा, पलंगाच्या पातळीत मोबाईल धरून. फोटोत डोक्याचा मध्य, मान आणि पाठीचा कणा एका रेषेत, गादीला समांतर दिसला पाहिजे. समोरून काढलात तर नाक, हनुवटी आणि छातीच्या हाडाचा मध्य एका रेषेत. डोकं वर चढलेलं दिसलं तर घडी काढा, खाली लोंबलेलं दिसलं तर घाला. रेष जुळली की हाताने दाबून त्या थराची जाडी मोजा. हा तुमचा नंबर. एक-दोन रात्री त्याच चादरींवर झोपूनही बघता येतं, जरा कडक लागतं पण अंदाज येतो.

पाठ आणि कूस दोन्हीवर झोपणाऱ्यांची पंचाईत होते, कारण कुशीला उंच लागते आणि पाठीवर बुटकी. त्यांनी ज्या बाजूवर जास्त वेळ जातो तिचं माप धरावं आणि थोडी दबणारी, हाताने सरकवून कडेला जास्त भर करता येईल अशी उशी घ्यावी.

पोटावर झोपणाऱ्यांना काय सांगायचं, त्यात मान पूर्ण एका बाजूला वळवून ठेवावी लागते आणि कंबरेचा बाकही वाढतो, त्यामुळे कुठल्याही उशीने ते नीट होत नाही. सवय मोडता आली तर उत्तम, छातीशी एक लोड किंवा मोठी उशी कवटाळून कुशीवर झोपलं की पोटावर झोपल्याचं समाधान बऱ्यापैकी मिळतं. नाहीच जमलं तर डोक्याखाली अगदी पातळ उशी किंवा काहीच नाही, आणि ओटीपोटाखाली एक पातळ उशी.

आता उशीत भरलंय काय. आपल्याकडे अजूनही सगळ्यात हाताशी असलेली म्हणजे कापसाची, आणि मला ती खरंच चांगली वाटते, एका कारणासाठी, ती तुमच्या मापाने भरून मिळते. गल्लीतल्या गादी कारखान्यात गेलात तर तिथे कापूस वजनावर भरतात, तुमच्यासमोर. बहुतेक लोक "भरपूर भरा हो" म्हणतात आणि मग ती दगडासारखी कडक होते, वर्षभर कुणी वापरत नाही. त्यापेक्षा घरात जी जुनी उशी तुम्हाला बरी बसते ती वजनकाट्यावर ठेवा आणि खोळीचा तोच आकार आणि तेवढंच वजन सांगा, फक्त नवा पिंजलेला कापूस सुरुवातीला फुगलेला असतो आणि महिन्याभरात बसतो, तेव्हा पहिल्या दिवसाच्या उंचीवर जाऊ नका. खोळीची एक बाजू धावदोऱ्याने कच्ची शिवून घ्यायला सांगा, म्हणजे जास्त वाटला तर घरीच उसवून मूठ-दोन मूठ कापूस काढता येतो. मान जिथे टेकते त्या कडेला जरा जास्त भर आणि मध्ये कमी, असंही भरून देतात, नीट समजावून सांगावं लागतं एवढंच. तोटा म्हणजे कापूस दबतो, गुठळ्या होतात, वर्षा-दोन वर्षांनी परत पिंजून घ्यावा लागतो, आणि मुंबई-कोकणात पावसाळ्यात ओल धरतो.

सावरीच्या कापसाची उशी, काही ठिकाणी शेवरी म्हणतात, ती हलकी आणि मऊ असते पण लवकर चपटी होते, पाठीवर झोपणाऱ्या बारीक अंगाच्या माणसाला छान, रुंद खांद्याच्या माणसाने कुशीवर झोपायला घेतली तर सकाळी काहीच उरलेलं नसतं. फायबरच्या उशा, ज्यांना सगळे रेक्रॉनच्याच म्हणतात, त्या स्वस्त आणि धुता येतात, पण काही महिन्यांत बसतात, घेताना आपल्या मापापेक्षा उंच दिसणारी घ्यावी लागते आणि वेळेवर बदलावी लागते. पिसांच्या उशा आपल्याकडे हॉटेलात भेटतात, डोकं ठेवलं की स्वर्ग आणि पहाटे डोकं गादीला, मानेचा त्रास असणाऱ्यांनी टाळाव्यात.

मेमरी फोम 1966 च्या सुमारास अमेरिकेत नासासाठीच्या कामातून निघाला, विमानाच्या सीटच्या गाद्यांसाठी, आणि त्याचा गुण म्हणजे तो अंगाच्या उष्णतेने आणि दाबाने सैल पडून आकार घेतो. डोक्याचं वजन सगळीकडे वाटलं जातं म्हणून आराम वाटतो, पण थंडीत तो कडक होतो आणि उन्हाळ्यात गरम लागतो. नागपूर-अकोल्याकडच्या मे महिन्यात बिनकुलर झोपणाऱ्याने विचार करून घ्यावा. सलग ठोकळ्याऐवजी फोमचे तुकडे भरलेली चेनवाली उशी मिळते, ती मला जास्त शहाणपणाची वाटते, तुकडे काढून उंची आपल्या मापावर आणता येते. लॅटेक्स रबराच्या चिकापासून करतात, केरळात रबर पिकतो त्यामुळे देशी लॅटेक्सच्या उशा सहज मिळतात, महाग आणि वजनदार असतात पण उंची खूप वर्षं टिकते आणि डोकं हललं की लगेच पूर्ववत होते. ज्यांचं माप नक्की झालंय आणि जे कूस खूप बदलतात त्यांनी पैसे घालायचे असतील तर इथे घालावेत.

आणि ती प्रसिद्ध सर्व्हायकलची उशी, लाटेसारखी. तिच्या एका कडेची वळी उंच आणि दुसरीची बुटकी असते, वळीवर मान आणि मधल्या खळग्यात डोकं असं ठेवायचं, खांदे पूर्ण उशीच्या बाहेर. बरेच जण खळग्यात मान ठेवतात किंवा खांद्यासकट वर चढतात आणि मग म्हणतात याने जास्तच दुखलं. पाठीवर झोपत असाल तर आधी बुटकी बाजू वापरून बघा, लहान चणीच्या बायकांना उंच बाजू बहुतेक वेळा जास्तच होते. वर ऑर्थोपेडिक असं लिहिलंय म्हणून ती तुमच्या मापाची होत नाही, परत घेणार असतील तरच मागवा आणि ती आपल्याला बसते हे नक्की होईपर्यंत पाकीट फाडून टाकू नका. तशी उशी घ्यायचीच नसेल तर हातपुसण्याचा नॅपकिन घट्ट गुंडाळून तीन-चार बोटं जाड वळकटी करा आणि साध्या बुटक्या उशीच्या अभ्र्यात, मानेकडच्या कडेला सरकवा, पाठीवर झोपणाऱ्याच्या मानेच्या बाकाला तेवढा आधार पुष्कळ होतो.

मानेचं झालं पण कणा खाली कंबरेपर्यंत जातो, आणि तिथेही उशी लागते हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. कुशीवर झोपताना वरचा पाय पुढे पडतो आणि त्याच्याबरोबर कंबर पिळली जाते, म्हणून दोन गुडघ्यांच्या मध्ये एक उशी, शक्यतो घोट्यापर्यंत जाईल अशी लांब. पाठीवर झोपत असाल तर गुडघ्यांखाली एक उशी किंवा छोटा लोड, त्याने कंबरेचा ताण उतरतो, कंबर दुखणाऱ्यांनी आज रात्रीच करून बघा. गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत कुशीवरच झोपायला सांगतात, तेव्हा गुडघ्यांमध्ये एक, पोटाखाली पातळ एक आणि पाठीला टेकू म्हणून एक, घरात जुन्या उशा असतात त्या इथे कामाला येतात.

ॲसिडिटी वर येते म्हणून तीन-तीन उशा घेणाऱ्यांना एक सांगायचंय, त्याने फक्त मान आणि पोट दुमडतं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा-आठ इंचांचे ठोकळे किंवा विटा नीट, न हलणाऱ्या लावा, किंवा पाठीपासून उतार देणारी तिरकी उशी मिळते ती घ्या, आणि मानेखाली आपली नेहमीचीच उशी.

बाळांबद्दल मात्र अगदी स्पष्ट सांगते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना उशी नको, डोकं गोल व्हावं म्हणून करतात ती राईची उशीसुद्धा नको. बाळाच्या झोपेच्या सुरक्षिततेबद्दल बालरोगतज्ज्ञ हेच सांगतात, पाठीवर झोपवायचं, सपाट घट्ट गादी, आजूबाजूला मऊ काही नाही, कारण बाळाला तोंड बाजूला करता येत नाही आणि श्वास अडकू शकतो. डोकं एका बाजूला चपटं वाटत असेल तर जागेपणी, कुणीतरी समोर असताना पोटावर खेळवा आणि डॉक्टरांना दाखवा. आजीने प्रेमाने शिवलेली असते हे कळतं, ती बारशाच्या फोटोपुरती ठेवा.

नवीन उशी लावली की एक-दोन आठवडे द्या, पहिले काही दिवस परकं वाटतं. पण हाताला नव्याने मुंग्या यायला लागल्या किंवा डोकं दुखायला लागलं तर वाट बघू नका, जुन्यावर या. आणि एक्स-रे बघून "मणक्यात गॅप आलाय" असं कळलेल्या लोकांनी एवढं समजून घ्या की वयाने होणारी ही झीज अजिबात न दुखणाऱ्या पुष्कळ लोकांच्या एक्स-रेतही दिसते, उशी ती भरून काढत नाही, ती फक्त रात्रीचा ताण कमी करते. दिवसाचे आठ तास मान लॅपटॉपवर पुढे काढून बसणाऱ्याला नुसत्या उशीने किती बरं वाटणार, स्क्रीन डोळ्यांच्या पातळीला आणा आणि फिजिओने दिलेले व्यायाम करा, दोन्ही मिळून फरक पडतो. हातातली ताकद कमी वाटणं, वस्तू हातून निसटणं, चालताना तोल जाणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, पडल्यावर किंवा अपघातानंतर मान दुखणं, तापाबरोबर मान ताठ होणं, यातलं काहीही असेल तर उशीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं.

शेवटी उशी सांभाळायची कशी. मान अवघडली की उशी उन्हात टाकायची अशी जुनी पद्धत आहे, आणि कापसाच्या उशीला तिचा खरोखर उपयोग होतो, ओल जाते, दबलेला कापूस फुलतो, उंची परत येते. पंधरा दिवसांतून एकदा कडक उन्हात, दोन्ही बाजूंनी, वर थोपटून. फोम आणि लॅटेक्स मात्र उन्हात टाकू नका, वाळून भुगा होतो, आणि मशीनमध्ये तर नकोच, सावलीत वाऱ्यावर ठेवा आणि अभ्रा आठवड्याला धुवा. फायबरची उशी संपली का हे बघायचं तर मधोमध दुमडून सोडा, झटकन उलगडली तर चालेल, तशीच दुमडलेली पडून राहिली तर ती आता गुडघ्यांमध्ये घ्यायला ठेवा आणि डोक्यासाठी दुसरी आणा, माप घेऊन.